नवरदेवाच्या गाडीतला दिवा

सुखदेव,

तुला कधी चिठ्ठी लिहायची वेळ आली नाही. सौंसरहून पांढुर्ण्याला माझी गाडी आठवड्यातून तीनदा यायचीच, आणि आली की स्टेशन रोडवर तुझ्या दुकानासमोर आपोआप थांबायची. हे 'आपोआप' वाचून तू आता भुवया चढवशील. तो शब्द तुला सहन होत नसे. "आपोआप काई होत नाई, वसंता. कोणी तरी करून राहिलं असते, आपल्याले दिसत नाई इतकंच," हे मी तुझ्या तोंडून शंभरदा तरी ऐकलं असेल. तर खरं सांगतो, गाडी मीच थांबवायचो. चहासाठी नाही, तुझा चहा पाणचट असायचा. तुझं काम पाहायला थांबायचो.

तू गेल्याला आज अकरा दिवस झाले. परवा विहारात तुझी शोकसभा झाली. तिथून परत येताना गाडीत जे झालं, ते तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही. पण तू कोणालाच मधूनच बोलू देत नसायचास. गिऱ्हाईक आलं की "सुरुवातीपासून सांगा" म्हणायचास. म्हणून मीही सुरुवातीपासून सांगतो. तुला सगळं माहीत आहे, तरी ऐक.

आपण सौंसरच्या शाळेत एका टाटपट्टीवर बसलो. मग तुझ्या वडिलांना पांढुर्ण्याच्या कापसाच्या जिनात काम मिळालं आणि तुम्ही तिकडे गेलात. पुढे तू गाड्यांच्या वायरिंगचा मिस्त्री झालास आणि मी ड्रायव्हर. मिस्त्री पायलीचे पंधरा होते. गाडी आली की पहिल्या पाच मिनिटांत डॅशबोर्डखालून वायरींचा गुंता बाहेर ओढायचा आणि मग डोकं खाजवायचं, ही त्यांची रीत. तू आधी हात धुवायचास. मग गाडीवाल्याच्या जागेवर स्वतः बसायचास आणि विचारायला लागायचास. केव्हा झालं, कोण बसलं होतं, रस्ता कसा होता, पाऊस होता का. लोक वैतागायचे. "मिस्त्री, तुम्ही दुरुस्त करता का लगन जमवता?" असं एका ट्रकवाल्याने विचारलं होतं. तू हसला नाहीस. "दोन्हीत चौकशी लागते," एवढंच म्हणालास आणि पुढचा प्रश्न विचारलास.

'बहुतेक' हाही शब्द तुझ्या दुकानात चालत नसे. मी म्हणायचो, "बहुतेक बॅटरी असंन." तू म्हणायचास, "बहुतेक घरी ठेवून येत जा." राग यायचा मला. मी तसाही लवकर तापणारा. पण तू एकदा 'झालं' म्हणालास की ते काम पुन्हा उघडावं लागत नसे, हे मी दहा वर्षं पाहिलं. असा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. हे तुला तोंडावर सांगितलं असतं तर तू विषय बदलला असतास.

तर माझी गाडी. जुनी, पण पांढरीशुभ्र अ‍ॅम्बेसिडर. तिच्या छताला एक दिवा होता, दार उघडलं की लागायचा आणि बंद केलं की विझायचा. आज त्याचं कोणाला काही वाटणार नाही, पण तेव्हा आमच्याकडच्या खेड्यांत त्याचं फार कौतुक होतं. लग्नाला माझीच गाडी लागायची ती त्या दिव्यामुळे. संध्याकाळी वरात नवरीच्या गावच्या शिवेवर पोहोचायची, सगळं गाव ओवाळायला उभं असायचं, मी उतरून मागचं दार उघडायचो आणि नवरदेव उजेडात उतरायचा. बाया "अगं माय!" म्हणायच्या. मी उगाच दार एकदा लावून पुन्हा उघडायचो. मला मिरवायची हौस, ते तुला माहीत आहे.

त्या हौसेपायीच मी छताला लाल मखमल लावून घेतली. आत कापूस भरलेली, जागोजाग बटणं टाचलेली. तू पाहिलंस आणि म्हणालास, "गाडी आहे का गादी आहे बे?" मी म्हणालो, तुला शौक नाही. तू छताला हात लावून पाहिलास, "दोन बोटं खाली आलं," म्हणालास. ते दोन बोटांचं तू बोललास तेव्हाच मी ऐकलं असतं तर पुढचं काहीच झालं नसतं.

चौऱ्याऐंशीचा उन्हाळा. सीझनचं पहिलंच लग्न. शिवेवर वाजंत्री उभी, ताट घेऊन बाया उभ्या, मी ऐटीत दार उघडलं आणि दिवा लागलाच नाही. नवरदेव अंधारात पाय चाचपत उतरला. हॉर्न वाजवून पाहिला, तोही मुका. दोन्ही एकाच फ्यूजवर आहेत, हे मला तुझ्यामुळे माहीत होतं. काचेची ती बोटाएवढी नळी काढून पाहिली तर आतली तार जळालेली. दुसरी टाकली, दोन्ही चालू. मी विसरलो. पुढच्या लग्नात पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या एका लग्नात काही झालं नाही. मग पुन्हा दोनदा झालं. आणि प्रत्येक वेळी शिवेवर, शंभर माणसांसमोर.

नवरदेव अंधारात उतरला ही गोष्ट लहान नसते. बोलणं सुरू झालं. मला वाटलं, गाडीला नजर लागली म्हणतील. पण माझ्या सख्ख्या मोठ्या बाबांनी, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाने, दुसरंच काढलं. पारावर चार माणसांत ते म्हणाले, "हा बौद्ध वस्तीतल्या लग्नाले गाडी नेते. तिथं दिवा बराबर लागते. अन् आपल्या लग्नात विझते. समजून घ्या आता." आणि वाईट हे की खोटं नव्हतं ते. तुमच्या लोकांच्या लग्नांत फ्यूज एकदाही उडाला नव्हता. मला ते माहीत होतं आणि मी कोणाला बोललो नव्हतो.

तुझ्या बहिणीचं, कुसुमचं लग्न त्याच पंधरवड्यात होतं. पाठवणीला माझी गाडी ठरली होती. तू कार्ड द्यायला घरी आला होतास तेव्हा मीच म्हणालो होतो, कुसुम आपली बहीण आहे, बसने कशी जाईल. आणि मग गावातल्या दोन घरांनी सांगितलं, तिकडे गाडी गेली तर आमच्या लग्नाला नको. मोठे बाबा मध्ये पडले, जाऊ नको म्हणाले. मी ऐकलं. लग्नाच्या आदल्या दिवशी पांढुर्ण्याच्या बसच्या कंडक्टरजवळ तुला निरोप दिला, गाडी बिघडली.

सुखदेव, जगात कोणालाही सांगावं की गाडी बिघडली, पण तुला सांगावं? खोटं बोलायलाही अक्कल लागते. दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या बसने तू हत्यारांची पिशवी घेऊन माझ्या अंगणात हजर. घरी बहिणीचं लग्न, अकरा वाजताचा मुहूर्त, मांडवात पाहुणे, आणि तू माझी गाडी दुरुस्त करायला सौंसरला आलेला. मी तेव्हा गाडीला झेंडूच्या माळा बांधत होतो. संध्याकाळच्या दुसऱ्या लग्नासाठी.

तू माळा पाहिल्यास. "लागली का चालू?" विचारलंस. मी म्हणालो, "आत्ताच झाली." तू बोनेटवर हात ठेवलास. ते थंडगार होतं. तू हात काढून घेतलास आणि म्हणालास, "बरं झालं." तेवढंच. चहा घे म्हणालो, तर म्हणालास, बस निघून जाईल. ती पिशवी खांद्याला लावून तू गल्लीच्या टोकापर्यंत गेलास आणि मी हातात माळ घेऊन उभा राहिलो. शिव्या दिल्या असत्यास तर मला हलकं वाटलं असतं.

कुसुम त्या दिवशी बसने सासरी गेली. आणि त्याच संध्याकाळी शिवेवर माझ्या गाडीचा दिवा पुन्हा गेला.

बारा दिवस मी तुझ्याकडे यायचं टाळलं. दुसऱ्या दोन मिस्त्र्यांना गाडी दाखवली. एकाने दाराजवळचं बटण बदललं, दुसऱ्याने हॉर्नची सगळी वायर. गाडी त्यांच्या दुकानात असताना काही होत नव्हतं. दवाखान्यात नेलं की ताप उतरतो, तसं. शेवटी अडला हरी म्हणतात तसा मी तुझ्या दुकानासमोर येऊन उभा राहिलो. मनात माफीची वाक्यं जुळवून आणली होती. तू हात धुतलेस आणि म्हणालास, "सुरुवातीपासून सांग."

मी लग्नं सांगायला लागलो आणि गोंधळलो. तू विचारलंस, पत्रिका आहेत का. होत्या. पत्ता लागतो म्हणून सीझनच्या सगळ्या पत्रिका मी डॅशबोर्डच्या खणात ठेवायचो. तू त्या बोनेटवर मांडायला लागलास. ज्या लग्नात फ्यूज उडाला ती डावीकडे, नाही उडाला ती उजवीकडे. मी एकेक सांगत गेलो. हळूहळू दोन ढीग झाले. डावीकडच्या प्रत्येक पत्रिकेवर गणपती. उजवीकडे एक सोडून सगळ्यांवर बुद्धाचं चित्र.

तू त्या ढिगांकडे किती वेळ पाहत होतास. मला वाटलं, आता हा पत्रिका तोंडावर फेकेल. तू म्हणालास, "तुह्ये मोठे बाबा काय म्हणून राहिले होते?"

तुला कुठून कळलं होतं कोण जाणे. मी मान खाली घालून सांगितलं.

"मंग ते खोटं नाई बोलून राहिले," तू म्हणालास. "ढीग तं तेच सांगून राहिले. त्याहिनं पाह्यलं ते बराबर पाह्यलं. कारण तेवढं मनाचं लावलं. आपण कारण पाहू."

त्या क्षणी मला तुझ्यापुढे वाकावंसं वाटलं होतं. ज्या बोलण्याने तुझा, तुझ्या बहिणीचा, सगळ्या वस्तीचा अपमान झाला, त्यातही तू आधी खरं किती आहे ते वेगळं काढलंस. मला नसतं जमलं. मी एखाद्याचं डोकं फोडलं असतं.

मग शेवटची पत्रिका निघाली. कुसुमची. ती मी खणात ठेवून विसरलो होतो. तू ती हातात घेतलीस, वाचलीस, आणि म्हणालास, "इथं गाडी गेलीच नाई. ही कोणत्याच ढिगात नाई बसत." घडी करून शर्टाच्या खिशात ठेवलीस आणि कामाला लागलास. माझी जुळवलेली वाक्यं तिथेच संपली.

उजव्या ढिगातली ती एक गणपतीची पत्रिका तू बोटाने पुढे सरकवलीस. "हे लगन तुमचं, अन् तरी फ्यूज नाई उडाला. ह्या नवरदेवाले भेटाव लागते." तो तिगावचा होता. आपण तिथे गेलो तेव्हा तो संत्र्याच्या झाडाखाली पेट्या भरत होता. नवी बायको बाजूला संत्री निवडत होती. तू नमस्कार करून म्हणालास, "जरा उभे राहता का जी?"

तो म्हणाला, "उभाच आहो ना जी!"

मी तोंड फिरवलं. त्याची बायको पदरात तोंड घालून हसली. तू मात्र इतक्या गंभीर चेहऱ्याने त्याची माफी मागितलीस आणि वितीने त्याची उंची मोजलीस की त्याला रागवता येईना. मग विचारलंस, बाशिंग किती उंच होतं. त्याने हाताने दाखवलं. परत येताना तू गाडीत मागे बसलास, सगळा रस्ता छताकडे पाहत होतास. पांढुर्ण्याच्या बाजाराजवळ म्हणालास, "थांब. बाशिंग घेऊ एक."

तुमच्या लग्नांत नवरदेव पांढऱ्या कपड्यांत, डोकं मोकळं. आमचा नवरदेव फेटा बांधणार आणि त्यावर वीतभर उंच बाशिंग लावणार. इतकं साधं. सगळ्या गावाने गाडीची जात काढली, आणि तू नवरदेवाच्या डोक्यावर काय आहे ते पाहिलंस.

पण तुला तेवढ्याने कुठे पटणार होतं? अजून ते 'बहुतेक'च होतं ना! तू फ्यूज काढून त्याच्या जागी दोन वायरींनी एक मोठा बल्ब जोडलास आणि बोनेटवर ठेवलास. म्हणालास, आत कुठे वायर पत्र्याला टेकली तर हा भकन् पेटेल, फ्यूज जळणार नाही. मग बाशिंग माझ्यापुढे धरलंस.

"मी कायले? तू बस ना," मी म्हणालो.

"मी नाई घालत. तुले मालूम आहे. तू घाल."

आणि मी, तीन लेकरांचा बाप, भर बाजाराच्या दिवशी स्टेशन रोडवर डोक्याला टॉवेल गुंडाळून त्यावर बाशिंग बांधून मागच्या सीटवर बसलो. शेजारचा पंक्चरवाला आला, पानवाला आला, भाजीच्या पिशव्या घेतलेल्या बाया आल्या. कोणी तरी विचारलं, "दुसरं करून राहिले का भाऊ?" तू गाडीचा मागचा बंपर धरून गाडी खालीवर हलवलीस, खड्ड्यातून गेल्यासारखी. माझं बाशिंग वर मखमलीत घुसलं आणि बोनेटवरचा बल्ब लख्ख पेटला. मी खाली वाकलो, विझला. पुन्हा ताठ बसलो, तू हलवलंस, पेटला. तीनदा केलंस तू. मग चौथ्यांदा मला बाशिंग काढायला लावून केलंस, तेव्हा नाही पेटला. तेव्हा कुठे तू म्हणालास, "हं."

मखमलीची शिवण उसवलीस. अस्तर ताणून धरायला कारागिराने आत लोखंडी तारेची कमान घातली होती, आणि दिव्याकडे जाणारी वायर बरोबर तिच्यावरून गेली होती. घासून घासून एका जागी तांदळाच्या दाण्याएवढं तांबं उघडं पडलं होतं. बाशिंग वर दाबलं की कमान वायरीला घेऊन पत्र्याला टेकायची. तू माझं बोट धरून त्या जागी लावलंस. मला अजून ते बोटाला आठवतं.

इथे आपलं भांडण झालं. तू टेप काढलीस आणि थांबलास. "आज नाई जोडत. पहिले तुह्या मोठ्या बाबाले इथं आण. अन् ते दोन घरवाले. त्याहिले बल्ब पेटताना दाखवतो, मंग जोडतो." मी म्हणालो, परवा लग्न आहे, वेळ नाही. तू म्हणालास, येतील, मी गाडीभाडं देतो. मी चिडलो. तुझं काम वायर जोडायचं, गावाला शहाणं करायचं नाही, असं काहीबाही बोललो. तू शांतपणे म्हणालास, "बिमारी काय होती हे नाई सांगतलं, तं घरचे लोक अंगाऱ्यानंच बरं झालं समजतेत."

तरी तू वायर जोडलीस. सायकलच्या ट्यूबचा तुकडा वर चढवून, कमान बाजूला वाकवून. तेव्हापासून ते काम पुन्हा उघडावं लागलेलं नाही. फक्त एवढं म्हणालास, "गावात सांगशील." मी म्हणालो, सांगतो.

नाही सांगितलं. पारावर म्हणालो, "शॉर्ट होता बारीक, निघाला." पुढच्या लग्नात दिवा लागला, आणि लोक म्हणाले, तिकडे जाणं सोडलं अन् गाडी सुधारली. मी तिथेच उभा होतो. कानाने ऐकलं आणि पान खायला गेलो. खरं सांगू? ते मला सोयीचं होतं. गाडी ठरवायला घरं परत आली. पुढच्या साली मी वस्तीतल्या लग्नांनाही गाडी न्यायला लागलो, कोणी काही म्हणालं नाही, आणि मी समजलो, मिटलं.

तू दोनदा विचारलंस. एकदा पोळ्याला, एकदा दिवाळीच्या आधी. "गावात सांगतलं का?" मी दोन्ही वेळा म्हणालो, मौका पाहून सांगतो. तिसऱ्यांदा तू विचारलं नाहीस.

आणि मौका तर तूच आणून दिलास. मागच्या साली मोठ्या बाबांच्या ट्रॅक्टरचे लाइट गेले, ऐन पेरणीत, आणि मी तुला गावात घेऊन आलो. तू अर्ध्या दिवसात काम केलंस. मोठे बाबा खूश. आपल्या ओट्यावर बसवून त्यांनी तुला चहा दिला. कोणत्या कपात देतात ते मी पाहत होतो, आणि मी पाहतोय हे तू पाहत होतास. घरच्याच कपात दिला. मोठे बाबा म्हणाले, "मिस्त्री, तुमच्यासारखा हात नाई या भागात." पारावरचे दोघेतिघे बसले होते. तू कप खाली ठेवलास, चिंधीने एकेक बोट पुसलंस आणि माझ्याकडे पाहिलंस. बराच वेळ पुसत होतास. मी म्हणालो, "चल, तुझी बस चुकंन."

परवा शोकसभेला मी निघालो तर मोठे बाबा काठी घेऊन गाडीजवळ उभे. "मीही येतो. चांगला माणूस होता," म्हणाले. वय ऐंशीच्या घरात. मला नाही म्हणता आलं नाही. विहारात वंदना झाली, दोघेतिघे बोलले, मग तुझ्या बायकोने, शांतावहिनींनी, माझ्याकडे बोट केलं. मी उठलो. तुझ्या हाताचं कौतुक केलं, माझ्या गाडीचा एक अवघड फॉल्ट तू कसा शोधलास ते सांगायला लागलो. बाशिंगाचं सांगितलं, लोक हसले. आणि मी खाली बसायला लागलो.

वहिनी जागेवरूनच म्हणाल्या, "भाऊ, पुरं सांगा ना."

त्यांना सगळं माहीत होतं. त्यांच्या बाजूला कुसुम बसली होती, मांडीवर तिची लहान मुलगी. मी सांगितलं. पारावरचं बोलणं, कंडक्टरजवळचा निरोप, झेंडूच्या माळा, थंड बोनेट. कोणाचं नाव घेतलं नाही, पण माझं घेतलं. कुसुम माझ्याकडे पाहत नव्हती, मुलीचे केस सारखे करत होती. निघताना मी तिच्यासमोर हात जोडले. ती म्हणाली, "दादा कधी बोलला नाई तुमच्याविषयी वाईट. आम्ही बोलाचो तं आम्हालेच चूप करे." एवढं म्हणून ती आत गेली. मला तिने माफ केलं असं मी लिहिणार नाही. तसं ती म्हणाली नाही.

परतीच्या रस्त्यावर मोठे बाबा पुढच्या सीटवर बसले होते. तिगाव मागे गेलं. मी मनात तयारी करत होतो, की हे आता भडकतील, विहारात घराण्याची अब्रू घालवली म्हणतील. पाच वर्षं मी याच बोलण्याला भीत होतो.

ते म्हणाले, "वसंता, हे तू तवाच काऊन नाई सांगतलं?"

मी म्हणालो, "तुम्ही मानलं नसतं, मोठे बाबा."

त्यांनी विचार केला. "नसतं मानलं," ते म्हणाले. "तुले दोन शिव्या देल्ल्या असत्या. पण तुह्या तोंडून निघालं तं असतं." काठीवर हनुवटी टेकवून ते रस्त्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "माह्या ओट्यावर बसला होता तो. तुह्या बोलण्याची वाट पाहून राह्यला असंन रे."

मी गाडी बाजूला घेतली आणि रडलो.

सुखदेव, तू तिसऱ्यांदा विचारलं नाहीस, म्हणून मी पाच वर्षं स्वतःला सांगत आलो की तू ते विसरलास. तू काहीच विसरत नव्हतास, आणि हे माझ्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं.

तुझा,
वसंता